व्यावसायिक मालमत्तेतील गुंतवणुकीची सुरुवात : भनपुरीच्या एका गोदामाचा हिशेब

रायपूर शहरातून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की शहराच्या उत्तर टोकाला भनपुरी येते. टाटीबंधकडून येणारा रिंग रोड इथेच बिलासपूर रस्त्याला मिळतो. पुढे बिरगाव, उरला, सिलतरा असा कारखान्यांचा पट्टा आहे. भनपुरीत जुने औद्योगिक क्षेत्र आहे, लाकडाच्या वखारी आहेत, ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसे आहेत आणि पत्र्याच्या छपराची गोदामे आहेत. 'व्यावसायिक मालमत्ता' म्हटले की पाठ्यपुस्तकात काचेची उंच इमारत दाखवतात. आपण मात्र या पाठात पत्र्याचे गोदाम घेणार आहोत. त्यात लिफ्ट नाही, लॉबी नाही, पार्किंगचा वाद नाही, त्यामुळे हिशेब सगळा उघडा दिसतो.

एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवा. घरात कोणाच्या तरी निवृत्तीची रक्कम आली आहे. नात्यातले किंवा ओळखीचे कोणी सांगतात, "भनपुरीत रस्त्यालगत गोदाम आहे. भाडेकरू बसलेला आहे, महिन्याला पाऊण लाख येतात. डोळे मिटून घ्या." घरात वाणिज्य किंवा अर्थशास्त्र शिकणारे तुम्ही एकटेच असाल, तर कागद तुमच्या पुढ्यात येतो आणि "बघ रे जरा" म्हणून सांगितले जाते. हे टिपण त्या दिवसासाठी आहे. चुकीच्या सहीने जाणारी रक्कम एखाद्याच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीची असते.

विकत काय घेता?

फ्लॅट घेणारा राहण्याची सोय घेतो. भाडेकरू मिळाला नाही तर तो स्वतः राहू शकतो, मुलाला देऊ शकतो. गोदाम, दुकानाचा गाळा किंवा ऑफिस घेणाऱ्याला ही पळवाट नाही. त्याची किंमत ठरते ती त्यातून पुढे येणाऱ्या भाड्यावर. म्हणून व्यावसायिक मालमत्तेत तुम्ही भिंती आणि छप्पर घेता असे म्हणण्यापेक्षा एक भाडेकरार, त्यावर सही करणारा भाडेकरू आणि तो गेल्यावर दुसरा मिळण्याची शक्यता, या तीन गोष्टी घेता असे म्हणणे जास्त खरे आहे. पहिल्या दोन गोष्टी विकणारा आवर्जून दाखवतो. तिसरीबद्दल तो बोलत नाही, आणि नव्या गुंतवणूकदाराचे नुकसान बहुतेक वेळा तिथेच होते.

हिशेब मांडू. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. भनपुरीचा चालू भाव म्हणून ते कोणाला सांगू नका. समजा गोदाम ५,००० चौरस फुटांचे आहे, किंमत १ कोटी २० लाख रुपये सांगितली आहे आणि भाडे चौरस फुटाला महिना १५ रुपये आहे. म्हणजे महिन्याला ७५,००० आणि वर्षाला ९ लाख. दलाल लगेच भागाकार करून सांगतो, साडेसात टक्के परतावा. हा भागाकार चुकीचा नाही, पण तो ढोबळ परतावा आहे, आणि ढोबळ परतावा खिशात येत नाही.

आता खर्च धरू. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली मिळून किमतीच्या दहा टक्के, म्हणजे १२ लाख जातील असे समजा. तुमची खरी गुंतवणूक १ कोटी ३२ लाख झाली. दरवर्षी मालमत्ता कर ४०,०००, विमा २०,००० आणि दुरुस्ती ६०,००० धरा. पत्रे गळतात, शटर बिघडते, फोर्कलिफ्ट आणि हातगाड्यांनी फरशी उखडते. दुरुस्ती शून्य धरणारा हिशेब पहिल्याच पावसाळ्यात चुकतो. शिवाय वर्षाला सरासरी एक महिना जागा रिकामी राहील असे धरा, म्हणजे ७५,००० कमी. उरले ७,०५,०००. याला निव्वळ परिचालन उत्पन्न म्हणतात. भागिले १ कोटी ३२ लाख केले की ५.३४ टक्के येतात.

साडेसातचे सव्वापाच झाले, आणि यात कोणी फसवले नाही. फक्त पूर्ण वजाबाकी केली. आता हा आकडा बँकेच्या मुदत ठेवीच्या चालू व्याजदराशेजारी ठेवून पाहा. ठेव मोडायला एक दिवस लागतो, गोदाम विकायला कदाचित वर्ष. तरीही लोक गोदाम घेतात, कारण भाडे वाढत जाईल आणि पत्र्याखालची जमीन महाग होईल असा त्यांचा अंदाज असतो. अंदाज बरोबर ठरू शकतो. फक्त तो अंदाज आहे हे हिशेबाच्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहा. त्याला भाड्यात मिसळू नका.

याच उत्पन्नावरून किंमत उलटीही तपासता येते. त्या भागात तशा गोदामावर खरेदीदार किमतीच्या किती टक्के निव्वळ उत्पन्न मागतात, त्याला भांडवलीकरण दर किंवा बोलीभाषेत 'कॅप रेट' म्हणतात. उत्पन्न भागिले कॅप रेट म्हणजे किंमत. दर ६ टक्के धरला तर ७,०५,००० वरून किंमत निघते १ कोटी साडेसतरा लाख, म्हणजे मागितलेल्या रकमेच्या जवळपास. तोच दर ८ टक्के धरला तर निघतात सुमारे ८८ लाख. दोन टक्क्यांच्या फरकाने तीस लाख रुपये हलले. म्हणून आजूबाजूला अलीकडे झालेले दोन-तीन खरे व्यवहार आणि त्या जागांचे खरे भाडे कळल्याशिवाय किमतीवर मत देऊ नका. कलेक्टर गाइडलाइनचा दर, ज्याला महाराष्ट्रात आपण रेडी रेकनर म्हणतो, हा मुद्रांक शुल्कासाठी असतो. बाजारभाव त्याच्या वरही असू शकतो आणि खालीही.

कर्ज घेतले तर

ओळखीचे गृहस्थ पुढे म्हणतात, "सगळे पैसे कशाला घालता? सत्तर लाखांचे कर्ज घ्या, भाड्यातून हप्ता फिटेल." तपासू. ७० लाख, १० टक्के व्याज, १५ वर्षे. हप्ता येतो सुमारे ७५,२००. भाडे ७५,०००. कागदावर जवळजवळ बरोबरी दिसते आणि वाक्य खरे वाटते. पण हप्ता भरायचा असतो निव्वळ उत्पन्नातून. वर्षाचे हप्ते ९ लाख ३ हजार, निव्वळ उत्पन्न ७ लाख ५ हजार. दरवर्षी जवळपास दोन लाख रुपये पगारातून किंवा पेन्शनमधून घालावे लागतील. बँकवाले निव्वळ उत्पन्नाला हप्त्यांनी भागून जे गुणोत्तर काढतात ते इथे ०.७८ येते. ते एकच्या खाली असेल तर मालमत्ता स्वतःचे कर्ज फेडत नाही, मालक फेडतो.

कर्ज ४० लाखांचे घेतले तर हप्ता सुमारे ४३,०००, वर्षाला ५ लाख १६ हजार आणि गुणोत्तर १.३७. हे चालण्यासारखे आहे. आता त्यावर एक वाईट वर्ष टाकून पाहा. भाडेकरू गेला आणि सहा महिने जागा रिकामी राहिली. भाडे आले साडेचार लाख. त्यातून खर्चाचे १ लाख २० हजार आणि नव्या भाडेकरूसाठी एक महिन्याची दलाली ७५,००० गेली. उरले २ लाख ५५ हजार, आणि हप्ते ५ लाख १६ हजार. त्या एका वर्षात २ लाख ६१ हजार खिशातून. तीन महिन्यांची अनामत, म्हणजे सव्वादोन लाख, हाताशी होती. पण ती जुन्या भाडेकरूला परत करायची असते. अनामत खर्चून टाकणारे मालक पुष्कळ असतात, आणि भाडेकरूशी होणारी निम्मी भांडणे तिथून सुरू होतात.

निवृत्तीच्या रकमेसाठी माझे मत स्पष्ट आहे. रिकाम्या जागेचे बारा महिने हप्त्यासकट सोसण्याइतकी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर ती मालमत्ता चांगली असली तरी त्या घरासाठी नाही.

दुसरा भाडेकरू कोण?

आता जागेवर जा. रविवारी नको, कामाच्या दिवशी सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. मोठा ट्रक फाटकातून आत वळतो का, की रस्त्यावर उभा राहून माल उतरवावा लागतो? जोत्याची उंची ट्रकच्या फाळक्याइतकी, साधारण चार फूट आहे की जमिनीलगत? छपराची उंची किती? जास्त उंच गोदामात माल थरावर थर रचता येतो, म्हणजे त्याच चौरस फुटांत भाडेकरूचा माल जास्त बसतो. वीज मंजुरी किती किलोवॉटची? आग विझवण्याची व्यवस्था आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला आहे का? पावसाळ्यात पाणी शिरते का? शेवटचा प्रश्न मालकाला विचारू नका. शेजारच्या गोदामातल्या हमालाला किंवा चौकीदाराला विचारा, आणि भिंतीवर ओलीची रेघ कुठवर चढली आहे ते पाहा.

या सगळ्या प्रश्नांमागे एकच प्रश्न आहे : आजचा भाडेकरू गेला तर ही जागा किती प्रकारच्या धंद्यांना चालेल? सध्याच्या भाडेकरूने स्वतःच्या सोयीने भट्टी, खड्डा किंवा मधल्या भिंती बांधून ठेवल्या असतील, तर आजचे भाडे चांगले असूनही उद्याचा भाडेकरू दुर्मीळ होतो. उलट अगदी साधे, चौकोनी, रस्त्याजवळचे गोदाम सिमेंटवाल्याला चालते, औषधवाल्याला चालते, टायरवाल्याला चालते.

मागणी कशी बदलते याचे एक मोठे उदाहरण तुमच्या अभ्यासक्रमातच आहे. १ जुलै २०१७ पूर्वी राज्याराज्यांचे विक्रीकर वेगळे होते आणि आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागत असे. तो वाचवण्यासाठी कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात छोटे गोदाम ठेवत. वस्तू व सेवा कर आल्यावर ते कारण संपले, आणि मोठ्या कंपन्या थोड्या पण मोठ्या, उंच, नव्या पद्धतीच्या गोदामांकडे वळल्या. रायपूरसारख्या शहराचे स्थान यात महत्त्वाचे ठरते : मुंबई–हावडा रेल्वेमार्ग इथून जातो, पश्चिमेला नागपूर, पूर्वेला ओडिशा. पण शहराचे महत्त्व वाढले म्हणून प्रत्येक जुन्या गोदामाचे वाढत नाही. शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर मोठी गोदामे होऊ लागली की गर्दीतल्या पाच हजार फुटांच्या गोदामाला कंपनी मिळणे अवघड होते. त्याचा भाडेकरू मग स्थानिक घाऊक व्यापारी किंवा ट्रान्सपोर्टवाला. तो भाडे देतो, पण पंधरा वर्षांच्या करारावर सही करत नाही. हिशेबातला 'वर्षाला एक रिकामा महिना' हा आकडा म्हणूनच सर्वांत जास्त विचार करून घालायचा आहे.

जमीन कोणाची?

भनपुरीसारख्या भागात कागद तपासताना पहिला प्रश्न हा की जमीन खासगी मालकीची आहे, औद्योगिक पट्ट्याची आहे, की नजूलची. नजूल हा शब्द विदर्भातल्या विद्यार्थ्याला ओळखीचा असेल. नागपूर आणि रायपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते आणि महसुली शब्द दोन्हीकडे राहिले. तीनही प्रकारांत गोदाम दिसायला सारखेच असते.

औद्योगिक क्षेत्रातला भूखंड सरकारकडून किंवा राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडून, म्हणजे सीएसआयडीसीकडून, उद्योगासाठी पट्ट्याने दिलेला असतो. तिथे तुम्ही जमिनीची मालकी घेत नाही, पट्ट्याचा उरलेला काळ घेता. हस्तांतराला परवानगी लागते, त्याचे शुल्क भरावे लागते. आणि कारखान्यासाठी दिलेल्या शेडमध्ये कारखाना बंद करून गोदामाचे भाडे खाणे पट्ट्याच्या अटींत बसते का, हे त्या अटी वाचूनच कळते. महाराष्ट्रातही एमआयडीसीचे भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतात आणि पोटभाड्याला महामंडळाची परवानगी लागते. तेव्हा हा प्रश्न बुटीबोरी, वाळूज किंवा अंबडलाही तसाच विचारायचा. 'भाडेकरू बसलेला आहे' याचा अर्थ तो परवानगीने बसला आहे असा होत नाही.

खासगी जमीन असेल तर छत्तीसगढमध्ये सातबाराच्या जागी खसरा आणि बी-१ पाहायचा. दोन्ही 'भुइयां' या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. शोधताना जिल्हा आणि तहसील नीट निवडा, कारण बस्तर जिल्ह्यातही एक भनपुरी आहे. शेतजमीन बिगरशेती करून घेण्याला तिकडे डायवर्सन म्हणतात. ते झाले आहे का, आणि कोणत्या वापरासाठी झाले आहे, हे आदेशाच्या प्रतीवरून पाहा. विकास आराखड्यात त्या जागेचा वापर काय दाखवला आहे ते नगर तथा ग्राम निवेश विभागाकडे कळते. बांधकामाची परवानगी आणि कर कोणाकडे, रायपूर महापालिकेकडे की शेजारच्या बिरगाव महापालिकेकडे, हेही पावत्यांवरून स्पष्ट करून घ्या. त्यानंतर निबंधक कार्यालयात मागच्या तीस वर्षांचा शोध आणि बँकांच्या तारणांच्या केंद्रीय नोंदणीत, सरसाईत, एक शोध. ही कामे वकिलाची आहेत. तुमचे काम इतकेच की विकणाऱ्याने सुचवलेला वकील घ्यायचा नाही.

परवानगीचा मुद्दा कागदी वाटत असेल तर भिवंडी आठवा. मुंबईच्या दारात, उत्तम रस्त्यांवर, देशातला सर्वांत मोठ्या गोदामपट्ट्यांपैकी एक तिथे उभा राहिला, आणि त्यातली पुष्कळ गोदामे परवानगीवाचून बांधली गेली. भाडे वर्षानुवर्षे मिळत राहिले. पण अशा बांधकामावर बँक सहजासहजी कर्ज देत नाही, मोठी कंपनी भाडेकरू म्हणून येत नाही, आग लागली तर विम्याचा दावा अडकू शकतो आणि पाडकामाची नोटीस कधीही येऊ शकते. म्हणजे तेच भाडे असूनही किंमत कमी असायला हवी. विकणारा मात्र परवानगी असलेल्या गोदामाचा भाव सांगतो.

करारात काय वाचावे

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे आहे. ही नोंदणी टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांचे करार केले जातात. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तीही सोय ठेवलेली नाही. तिथे लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचे असो, नोंदवावे लागते. रायपुरात छत्तीसगढ भाडे नियंत्रण अधिनियम, २०११ लागू आहे. त्यात वेगळे भाडे न्यायाधिकरण नेमले आणि त्याच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात करण्याची तरतूद केली होती. राज्याला असे करता येत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती तरतूद रद्द केली. गुंतवणूकदाराला यातून कळायचे ते हे, की भाडेकरू बाहेर काढण्याचा मार्ग प्रत्येक राज्यात वेगळा आहे आणि पुण्यातल्या मामांचा अनुभव रायपुरात लागू पडेलच असे नाही.

करार हातात आला की लोक भाड्याचा आकडा पाहतात. तुम्ही आधी लॉक-इन पाहा. करार नऊ वर्षांचा आणि लॉक-इन एक वर्षाचे असेल, तर भाडेकरू बांधला गेला आहे तो एकच वर्ष. पुढे नोटीस देऊन तो जाऊ शकतो. मग भाडेवाढ. 'दर तीन वर्षांनी १५ टक्के' हे कलम सर्रास आढळते. वर्षाला पाच टक्के असा त्याचा अर्थ सांगतात, पण चक्रवाढीने ते सुमारे ४.८ टक्के पडते, आणि वाढ तीन वर्षे थांबून येते. मालमत्ता कर कोण भरणार, मोठी दुरुस्ती कोणाची, पोटभाडेकरू ठेवता येईल का, हेही तिथेच असते. आणि मागच्या बारा महिन्यांची बँकेतली जमा पाहायला मागा. विक्रीच्या आधी ओळखीच्या माणसाला जास्त भाड्याने बसवून किंमत फुगवणे ही जुनी युक्ती आहे. करारावर ती दिसत नाही, खात्याच्या उताऱ्यात दिसते.

करांचे थोडक्यात. व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. मालकाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी लागत नाही. पण १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा अनोंदणीकृत मालकाचा भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर तो कर भाडेकरूनेच उलट आकारणीने भरायचा असतो. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यांना नंतर यातून वगळले. भाडे महिन्याला ५०,००० च्या वर असल्याने कंपनी भाडेकरू १० टक्के उद्गम कर कापेल, म्हणजे आपल्या उदाहरणात हातात ६७,५०० येतील. कापलेला कर विवरणपत्रात वजा मिळतो, पण हप्ता त्याआधी भरायचा असतो. भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर प्रत्यक्षात तुम्ही काहीही खर्च केलेला असो. आणि खरेदीची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमच्या घरची असते. हे विसरून व्याजासह भरणारे बरेच.

एक कोटी नसतील तर

तुमच्यापैकी बहुतेकांकडे ते नसतील, आणि शिकायला ते लागतही नाहीत. सेबीने २०१४ मध्ये रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्टचे, म्हणजे रीटचे नियम केले. भारतातला पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड इंडिया आणि २०२३ मध्ये मॉलचा पहिला रीट नेक्सस सिलेक्ट. सुरुवातीच्या नियमांत किमान गुंतवणूक दोन लाख रुपये होती. आता बाजारातून एक युनिटही घेता येते आणि ते काही शे रुपयांत मिळते. नियमाप्रमाणे रीटची किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेली आणि भाडे देणारी असावी लागते, आणि वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटावी लागते. ऐरोलीतली आयटी पार्क, नरिमन पॉइंटचे एक्स्प्रेस टॉवर्स, सीवूड्सचा मॉल अशा इमारतींत तुमचा सूक्ष्म का होईना वाटा होतो.

रीटमध्ये तोटा होत नाही असे समजू नका. युनिटचा भाव शेअरसारखा खाली-वर होतो, व्याजदर वाढले की दबतो, आणि करोनानंतर घरून काम सुरू झाले तेव्हा ऑफिसांच्या रिकाम्या मजल्यांचा फटका या ट्रस्टनाही बसला. तरी रीटचा एक मोठा फायदा विद्यार्थ्याला आहे : भाडे, भरलेल्या जागेची टक्केवारी, करारांची सरासरी उरलेली वर्षे, सर्वांत मोठे दहा भाडेकरू, कर्ज, हे सगळे ते जाहीर करतात. भनपुरीच्या गोदामाबद्दल तुम्ही जे प्रश्न विचारायला शिकलात, त्यांची उत्तरे तिथे छापलेली असतात. मधल्या पायरीवर २०२४ पासून लहान व मध्यम रीटही आहेत. त्यांत ५० ते ५०० कोटींची मालमत्ता आणि किमान दहा लाखांची गुंतवणूक लागते. त्याआधी अशी हिस्सेवार मालकी ॲपवरून विकली जात होती आणि तिच्यावर सेबीची देखरेख नव्हती.

राहिला प्रकार 'खात्रीच्या परताव्या'चा. बांधकाम चालू आहे, गाळा आज बुक करा, ताबा मिळेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम देऊ, असे सांगतात. ही रक्कम भाडे नसते, कारण भाडेकरूच नसतो. तुमचेच पैसे काही दिवस परत येत असतात. निखिल मेहता अँड सन्स विरुद्ध एएमआर इन्फ्रास्ट्रक्चर या खटल्यात अशाच योजनेत फ्लॅट, दुकान आणि ऑफिस बुक केलेल्या खरेदीदारांचे मासिक पैसे बंद पडले. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये त्यांना वित्तीय धनको मानले, म्हणजे त्यांनी दिलेली रक्कम कंपनीने उचललेल्या कर्जासारखी धरली. खरेदीदारांच्या बाजूने तो निकाल महत्त्वाचा होता. पण मालमत्ता घ्यायला गेलेला माणूस दिवाळखोरीच्या रांगेत सावकार म्हणून उभा राहिला, हेही त्यातच आले. बांधकाम चालू असलेला प्रकल्प, मग तो दुकानांचा असो की ऑफिसांचा, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आणि आठपेक्षा जास्त गाळ्यांचा असेल तर रेरात नोंदलेला असावा लागतो. नोंदणी क्रमांक मागा आणि राज्याच्या रेरा संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहा.

स्वाध्याय

१. वरच्या उदाहरणात भाडे १५ ऐवजी १३ रुपये आणि रिकामा काळ वर्षाला सरासरी दोन महिने धरून निव्वळ परिचालन उत्पन्न काढा. ४० लाखांच्या कर्जावर गुणोत्तर एकच्या वर राहते का?

२. तुमच्या गावातले किंवा शहरातले एक रिकामे दुकान किंवा गोदाम निवडा. शेजारच्या तीन दुकानदारांना विचारून ते किती महिने रिकामे आहे, आधी कोण होते आणि ते का गेले, हे लिहून काढा.

३. कोणत्याही एका रीटचा ताजा तिमाही अहवाल उघडा. पुढच्या दोन वर्षांत किती टक्के करार संपणार आहेत ते शोधा, आणि त्यातल्या निम्म्या जागा सहा महिने रिकाम्या राहिल्या तर वाटपावर काय परिणाम होईल ते मांडा.